दाबलेलं लोखंड, तापलेलं लोखंड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

अतितीव्र दाब आणि तापमानात धातूंच्या आत काय घडतं, याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत एक समजूत दिसते : दाब वाढला की धातू मोडायच्या वाटेला लागतो. तसं नसतं. चहूबाजूंनी सारखा येणारा दाब धातूला मोडत नाही, तो अणूंना जवळजवळ बसायला आणि एका हद्दीनंतर मांडणीच बदलायला लावतो. धातू मोडतो तो एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी पडणाऱ्या ताणामुळे. खालच्या प्रत्येक उत्तरात हा फरक कुठे ना कुठे येणार आहे. दाबाचं एकक म्हणून गिगापास्कल वापरलं आहे. १ गिगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १० टन भार, किंवा हवेच्या दाबाच्या सुमारे १० हजार पट.

प्रश्न : तापवलं की धातू प्रसरण पावतो असं शिकलो. पण आमच्या हीट ट्रीटमेंट विभागातल्या डायलाटोमीटरच्या (तापताना लांबी किती बदलते ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात पोलाद तापताना मध्येच आखडतं. असं का? आणि गिअरला पडणाऱ्या तड्यांशी याचा संबंध आहे का? (चाकण)

उत्तर : आलेख बरोबर आहे. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सियसपर्यंत अंतःकेंद्रित घन रचनेत असतं, म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि एक अणू मधोमध. ९१२ अंशांना ते पृष्ठकेंद्रित घन होतं : कोपऱ्यांवर अणू आणि सहाही पृष्ठांच्या मध्यावर एकेक. फळवाल्याच्या गाडीवर संत्री रचलेली असतात तशी ही दुसरी मांडणी दाट असते, तिच्यात मोकळी जागा कमी. त्यामुळे आकारमान सुमारे १ टक्का घटतं, लांबीत ते ०.३ टक्क्याच्या आसपास दिसतं. पुढे १३९४ अंशांना लोखंड पुन्हा अंतःकेंद्रित होतं आणि १५३८ अंशांना वितळतं. तुमच्या पोलादात कार्बन आहे, म्हणून बदल ९१२ ऐवजी ७२७ अंशांपासूनच सुरू होतो आणि एका बिंदूवर न होता पट्ट्यात होतो.

थंड लोखंडाने आधी सैल मांडणी का धरावी, हा यातला खरा प्रश्न. त्याचं उत्तर चुंबकत्वात आहे. अंतःकेंद्रित रचनेत अणूंची चुंबकीय दिशा जुळते आणि त्यातून ऊर्जेची बचत होते, दाट मांडणीचा फायदा त्यापुढे कमी पडतो. ७७० अंशांना ही चुंबकीय शिस्त मोडते, तिचा उरलासुरला आधार संपत गेला की ९१२ ला दाट रचना बाजी मारते. हे चुंबकत्व नसतं तर लोखंड साध्या तापमानालाही दाट रचनेत असतं. म्हणूनच पुढे दाबाचा विषय आला की चुंबकत्व पुन्हा येणार आहे.

आता गिअर. ऑस्टेनाइट म्हणजे पोलादाची तापल्यावरची ही दाट रचना. तेलात किंवा पाण्यात विझवताना तिचं मार्टेन्साइट, म्हणजे कार्बन आत अडकलेली कडक रचना, होतं आणि आकारमान ३ ते ४ टक्क्यांनी वाढतं. बाहेरची कातडी आधी थंड होते, आधी बदलते आणि कडक होते. गाभा मागाहून बदलतो आणि फुगतो. तोवर बाहेरचं कवच ताणून घ्यायच्या स्थितीत राहिलेलं नसतं, म्हणून तडा पृष्ठभागावर, तोही कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यात किंवा दाताच्या मुळाशी पडतो. उपाय नेहमीचेच, पण कारण कळलं की ते नीट पाळले जातात : कोपऱ्यांना पुरेशी त्रिज्या द्या, विझवण्याचं माध्यम गरजेपेक्षा तीव्र घेऊ नका, आणि विझवल्यावर काम थंड पडून राहू न देता लगेच टेंपरिंगच्या (मध्यम तापमानाला पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवण्याच्या) भट्टीत घाला. संध्याकाळी विझवलेले भाग टेंपरिंगसाठी सकाळपर्यंत ठेवले आणि रात्रीतून तडकले, ही तक्रार याच कारणाने येते. न बदललेलं ऑस्टेनाइट हळूहळू बदलत राहतं आणि आतला ताण वाढवतं.

प्रश्न : फोर्जिंग प्रेस हजारो टनांचा असतो. एवढ्या दाबाने पोलादाची रचना बदलत असेल ना? मग आपण फक्त तापमानाचाच हिशेब का करतो? (औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर)

उत्तर : टन मोठे दिसतात, पण ते मोठ्या क्षेत्रावर वाटले जातात. १२०० अंशांना पोलाद इतकं मऊ असतं की ते ५० ते १०० मेगापास्कलच्या (१००० मेगापास्कल म्हणजे १ गिगापास्कल) ताणालाच वाहू लागतं. डायच्या अरुंद खाचेत, जिथे माल अडतो तिथे हा आकडा काही पटींनी चढतो, तरी १ गिगापास्कलच्या आतच राहतो, आणि तोही क्षणभर.

एवढ्या दाबाचा परिणाम मोजता येतो. ऑस्टेनाइट दाट असल्यामुळे दाब त्याची बाजू घेतो, म्हणजे रूपांतराचं तापमान खाली उतरतं. शुद्ध लोखंडासाठी हा उतार सुरुवातीला दर गिगापास्कलला ८० ते १०० अंशांचा आहे. १०० मेगापास्कलला तो ८-१० अंशच झाला. भट्टीतल्या थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची) चूक आणि बिलेटच्या (घडवायच्या ठोकळ्याच्या) टोकाशी पडणारी थंडी यांपेक्षा हे मोठं नाही. तुम्ही तापमानाचाच हिशेब करता ते योग्यच आहे.

दाबाचा उपयोग खरोखर होतो तो हॉट आयसोस्टॅटिक प्रेसमध्ये. बंद भांड्यात आर्गॉन वायूचा १०० ते २०० मेगापास्कल दाब आणि ११००-१२०० अंश तापमान, काही तास. दाब सगळीकडून सारखा असल्याने भागाचा आकार बदलत नाही, पण कास्टिंगमधल्या आतल्या पोकळ्यांत काहीच दाब नसतो म्हणून त्या चिरडून मिटतात. पृष्ठभागापर्यंत उघडलेलं छिद्र मात्र मिटत नाही, कारण वायू त्याच्या आतही शिरतो. हा मुद्दा विसरून पैसे वाया जातात. आधी डाय पेनिट्रंटने (भेगांत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) तपासा, उघडी छिद्रं वेल्डने बुजवा, मग प्रेसमध्ये द्या.

प्रश्न : लोखंड १३ गिगापास्कलला वेगळ्याच रचनेत जातं असं वाचलं. प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष कसं करतात? एवढ्या दाबासाठी केवढं यंत्र लागतं? पायऱ्या सांगाव्यात. (एम.एस्सी. भौतिकशास्त्र, नांदेड)

उत्तर : यंत्र मुठीत मावतं. दोन हिरे टोकाला टोक लावून बसवतात आणि मध्ये नमुना दाबतात. हिऱ्याचं सपाट टोक ३०० मायक्रोमीटर व्यासाचं घेतलं तर क्षेत्रफळ ०.०७ चौरस मिलिमीटर होतं. तेवढ्यावर १३ गिगापास्कल आणायला हिशेबाने सुमारे ९४ किलो भार लागतो, ५० गिगापास्कलला ३६० किलो. नमुन्याभोवतीचा धातूचा पत्रा, म्हणजे गॅस्केट, हाही भार खातो, म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा जास्त लावावा लागतो, पण चार स्क्रू आणि अ‍ॅलन की यांनी काम भागतं. ही हिऱ्यांची ऐरण १९५८-५९ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार झाली. हिरा पारदर्शक असल्याने आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकातून दिसतं आणि क्ष-किरणही आरपार जातात. जुन्या पोलादी यंत्रांत ही सोय नव्हती.

पहिलं काम हिरे जुळवण्याचं. दोन्ही टोकं अगदी जवळ आणून पांढऱ्या प्रकाशात पाहिलं की रंगीत पट्टे दिसतात. पट्टे जितके जास्त, तितकी टोकं एकमेकींशी तिरकी. पट्टे जवळजवळ नाहीसे होईपर्यंत बैठक सरकवायची. इथे घाई केली तर हिरा कडेने तडकतो, आणि तो पुढे ४० गिगापास्कलला तडकला तरी चूक इथलीच असते.

मग गॅस्केट. रेनियम किंवा स्टेनलेस स्टीलचा २५० मायक्रोमीटर जाडीचा पत्रा हिऱ्यांमध्ये दाबून मधला भाग ४० मायक्रोमीटरपर्यंत पातळ करतात आणि त्याच्या बरोबर मध्यावर स्पार्क इरोजनने किंवा लेसरने १०० ते १२० मायक्रोमीटरचं भोक पाडतात. पत्र्यावर खूण करा आणि तो पुन्हा त्याच दिशेने बसवा. भोक टोकाच्या व्यासाच्या साधारण एक-तृतीयांश ठेवावं. मोठं भोक दाबाबरोबर आणखी पसरतं आणि कडेकडे सरकतं. भोक मध्यापासून सरकताना दिसलं की तिथेच थांबा, दाब उतरवा आणि नवं गॅस्केट घ्या. सरकलेलं भोक परत मध्यावर येत नाही.

भोकात लोखंडाचा १० मायक्रोमीटर जाड, ३०-४० मायक्रोमीटर रुंद तुकडा आणि त्याच्या शेजारी माणकाचे ५ मायक्रोमीटरचे एक-दोन कण ठेवतात. नमुना गॅस्केटच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून जाड नको. दाबताना पोकळी पातळ होत जाते, आणि नमुना दोन्ही हिऱ्यांना एकदम टेकला की दाब सारखा राहत नाही, ताण एकाच दिशेने वाढतो. उरलेल्या जागेत दाब वाटणारं माध्यम भरतात. मिथेनॉल आणि इथेनॉल यांचं ४:१ मिश्रण स्वस्त आणि सोपं आहे, पण १० गिगापास्कलच्या पुढे ते काचेसारखं कडक होतं, आणि तुमचा प्रयोग १३ चा आहे. निऑन किंवा हेलियम भरण्याची सोय असेल तर तेच घ्या. गोठल्यावरही ते मऊ राहतात. कडक माध्यमात लोखंडाचं रूपांतर लवकर सुरू होतं आणि लांबत जातं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे जुने आकडे जुळत नव्हते त्याचं एक मोठं कारण हेच.

दाब मोजायला माणिक लागतं. हिरव्या लेसरने ते उजळलं की ६९४.२ नॅनोमीटरला लाल रेषा देतं. दाबाने ती दर गिगापास्कलला सुमारे ०.३६५ नॅनोमीटर सरकते, म्हणजे १३ गिगापास्कलला साधारण ४.७ नॅनोमीटर. सावधगिरी अशी की तापमानानेही ती सरकते. माणिक ५० अंशांनी तापलं तर नसलेला १ गिगापास्कल दाब दिसेल. लेसरची शक्ती कमी ठेवा, आणि स्क्रू फिरवल्यावर १०-१५ मिनिटं थांबून मगच वाचन घ्या. ही रेषा खरं तर जवळजवळच्या दोन रेषांची जोडी असते. त्या दोन्ही एकमेकींत मिसळून पसरट झाल्या तर समजा की दाब सारखा राहिलेला नाही.

शेवटी क्ष-किरण. आपल्याकडे यासाठी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) सोय आहे. रूपांतर ओळखताना एक फसवी जागा आहे. अंतःकेंद्रित लोखंडाची सगळ्यांत ठळक रेषा, म्हणजे ११० (हे आकडे स्फटिकातल्या अणूंच्या थरांची नावं आहेत), या दाबाला १.९८ अँगस्ट्रॉमच्या (१ अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आसपास येते, आणि नव्या षट्कोनी रचनेची ००२ रेषाही नेमकी तिथेच येते. त्या रेषेकडे पाहून काहीच कळत नाही. २.१४ च्या आसपास उगवणारी १०० आणि १.८८ च्या आसपासची १०१ या रेषा शोधा. त्या दिसल्या की नवी रचना आली.

प्रश्न : मग दाब काढल्यावर ही षट्कोनी रचना तशीच राहते का? तिचा काही उपयोग? (पुणे)

उत्तर : राहत नाही. चढताना १३ ते १५ गिगापास्कलच्या दरम्यान जे बदलतं, ते उतरताना बरंच खाली, ८-१० च्या आसपास परत अंतःकेंद्रित होतं. षट्कोनी लोखंड सुमारे ५ टक्क्यांनी दाट असतं आणि साध्या लोखंडासारखं चुंबकाला धरत नाही. दाबाने अणू जवळ आले, चुंबकीय बचत संपली, आणि वर सांगितल्याप्रमाणे सैल मांडणीला टेकू उरला नाही.

हा बदल पहिल्यांदा सापडला तो हिऱ्यांत नव्हे तर स्फोटात. १९५६ साली बॅनक्रॉफ्ट, पीटरसन आणि मिनशॉल यांनी लोखंडाच्या ठोकळ्यावर स्फोटक उडवून मागच्या पृष्ठाची गती मोजली. पृष्ठ एका धक्क्यात न उसळता टप्प्याटप्प्याने उसळलं. एक धक्कालहर दोन लहरींत फुटली होती, म्हणजे वाटेत रचना बदलली होती. ती रचना कोणती, हे मात्र १९६२ साली क्ष-किरणांनी कळलं.

रचना परत फिरते, पण खुणा मागे सोडते. जाऊन-येऊन केलेल्या या प्रवासात स्फटिकांत दाट जुळे पट्टे आणि डिस्लोकेशनचं, म्हणजे अणूंच्या रांगांतल्या दोषांचं, जाळं उरतं आणि कडकपणा वाढतो. लोखंडी उल्का घासून, नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) खोदून पाहिल्यावर काहींत एक निस्तेज, रेघारेघांची पोत दिसते. तिच्यावरून ओळखता येतं की ही उल्का कधी काळी १३ गिगापास्कलहून जास्त दाबाच्या टकरीतून गेली आहे. पुरावा म्हणून ही फार मोलाची खूण आहे.

प्रश्न : अणुभट्टीतल्या झिर्कोनियमच्या नळ्यांवर मोठा दाब असतो. दाबाने झिर्कोनियम ठिसूळ होतं असं वाचून काळजी वाटली. (बोईसर)

उत्तर : तुम्ही वाचलं ते ओमेगा रचनेविषयी असणार. साधं झिर्कोनियम षट्कोनी दाट रचनेत असतं. खोलीच्या तापमानाला काही गिगापास्कल दाबाने ते ओमेगा या ठिसूळ रचनेत जातं. नेमका आकडा शुद्धतेवर आणि घसटीच्या ताणावर ठरतो. विरघळलेला ऑक्सिजन जास्त असेल तर बदल लांबतो, दाबताना धातू पिळला गेला तर लवकर होतो. ३० गिगापास्कलच्या वर ते अंतःकेंद्रित घन होतं. ओमेगाचं वैशिष्ट्य असं की दाब काढल्यावरही ती टिकून राहू शकते. टायटॅनियमचंही तसंच. या रचनेवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पायाभूत काम झालं आहे. सिक्का, व्होरा आणि चिदंबरम यांचा १९८२ चा आढावा आजही या विषयात उद्धृत होतो.

पण तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये नळीच्या आत असतो तो सुमारे १० मेगापास्कल दाब आणि ३०० अंशांच्या आसपास तापमान. ओमेगासाठी लागणाऱ्या दाबापेक्षा हा शेकडो पटींनी कमी आहे. या बाबतीत निश्चिंत राहा.

अभियंते ज्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. आतल्या १० मेगापास्कलमुळे नळीच्या भिंतीत परिघाच्या दिशेने १०० ते १२५ मेगापास्कलचा ताण बसतो. इथे पुन्हा दाब वेगळा आणि ताण वेगळा. गरम पाण्याशी होणाऱ्या मंद क्रियेतून हायड्रोजन धातूत शिरतो, थंड झाल्यावर हायड्राइडच्या (हायड्रोजन आणि झिर्कोनियमच्या संयुगाच्या) पातळ चकत्या होतात. चकत्या परिघाला समांतर असतील तर फार बिघडत नाही, त्रिज्येच्या दिशेने उभ्या राहिल्या तर तो ताण त्यांना उघडतो. सुरुवातीच्या भारतीय भट्ट्यांतलं झिर्कलॉय-२ (झिर्कोनियमचाच एक मिश्रधातू) पुढे काढून झिर्कोनियम आणि २.५ टक्के नायोबियम हा मिश्रधातू आणला गेला, त्यात हायड्रोजन कमी शिरतो हे एक मुख्य कारण. अपघाताचा विचार करताना मात्र तापमान सगळ्यांवर मात करतं. शुद्ध झिर्कोनियम ८६३ अंशांना अंतःकेंद्रित घन होतं आणि मऊ पडतं, १२०० अंशांच्या वर वाफेशी त्याची क्रिया स्वतःच्याच उष्णतेने भडकत जाते आणि हायड्रोजन वायू सुटतो.

प्रश्न : दाब वाढवला की सगळे धातू अधिकाधिक दाट आणि ‘अधिक धातू’ होत जातात का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : दाट होतात, पण अधिक धातू होतीलच असं नाही. सोडियम पाहा. साध्या दाबाला ते ९८ अंशांना वितळतं. ३० गिगापास्कलला वितळणबिंदू ७०० अंशांच्याही वर जातो आणि मग उलटा उतरत ११८ गिगापास्कलला खोलीच्या तापमानापर्यंत येतो. २०० गिगापास्कलच्या आसपास ते चक्क पारदर्शक आणि विजेला अडवणारं होतं, हे २००९ साली दाखवलं गेलं. अणू इतके जवळ येतात की त्यांचे आतले इलेक्ट्रॉन एकमेकांना भिडतात, बाहेरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनला तिथे जागा उरत नाही, आणि ते अणूंच्या मधल्या फटींत अडकून बसतात. याउलट सोनं आणि प्लॅटिनम याच दाबातही आपली पृष्ठकेंद्रित रचना सोडत नाहीत, म्हणूनच प्रयोगात त्यांचा दाबमापक म्हणून वापर करतात.

प्रश्न : पृथ्वीचा गाभा सूर्याच्या पृष्ठभागाइतका तापलेला आहे म्हणतात. मग आतलं लोखंड घन आणि त्याच्या बाहेरचं पातळ, असं उलट कसं? (इयत्ता बारावी, सावंतवाडी)

उत्तर : तापमान वितळवायला पाहतं, दाब घन ठेवायला पाहतो. खोलीबरोबर दोन्ही वाढतात, पण वितळणबिंदू तापमानापेक्षा जलद वाढतो. ५१५० किलोमीटर खोलीवर, ३३० गिगापास्कलला, लोखंडाचा वितळणबिंदू सुमारे ६००० केल्विन आहे. तिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात, त्याच्या आत घन, बाहेर द्रव. भूकंपलहरींचा अभ्यास करणाऱ्या इंगे लेहमान यांनी आतल्या गाभ्याचं अस्तित्व १९३६ साली दाखवलं. तो घन असल्याचं नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं. पृथ्वीच्या केंद्राशी दाब ३६४ गिगापास्कल आहे. २०१० साली जपानी संशोधकांनी हिऱ्यांच्या ऐरणीत ३७७ गिगापास्कल आणि ५७०० केल्विन गाठून लोखंड तिथेही षट्कोनी दाट रचनेतच असल्याचं दाखवलं. फक्त गाभा शुद्ध लोखंडाचा नाही, त्यात निकेल आहे, आणि बाहेरचा गाभा शुद्ध लोखंडापेक्षा ८-१० टक्क्यांनी हलका भरतो. भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस बर्च यांनी हे १९५२ सालीच मांडलं होतं. गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन यांपैकी कोणती हलकी मूलद्रव्यं किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

एवढं तापमान आणण्यासाठी नमुन्यावर दोन्ही बाजूंनी लेसर सोडतात. हिरा उष्णतेचा फार चांगला वाहक आहे, तो नमुन्याला टेकला तर उष्णता लगेच ओढून घेतो. म्हणून लोखंडाच्या वर-खाली मॅग्नेशियम ऑक्साइडचा किंवा पोटॅशियम क्लोराइडचा १० मायक्रोमीटरचा थर लागतो. हा थर ओव्हनमध्ये नीट वाळवलेला हवा, नाहीतर ओल्यातला हायड्रोजन लोखंडात जातो. दुसरी फसगत हिऱ्याच्या कार्बनची. थर पातळ पडला की कार्बन लोखंडात शिरतो, लोखंड लवकर वितळतं, आणि आकडा शुद्ध लोखंडाचा म्हणून छापला जातो. वितळणबिंदूंवर झालेल्या जुन्या वादांत या गोष्टीचा वाटा मोठा आहे. प्रयोगानंतर नमुना कापून कार्बन तपासलेला नसेल तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : औष्णिक वीजकेंद्रात सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्या पाहतो. ५४० ऐवजी ५५० अंशांवर चालवलं तर खरंच एवढा फरक पडतो का? ९ क्रोमच्या (९ टक्के क्रोमियमच्या पोलादाच्या) नळ्यांत काय पाहावं? (चंद्रपूर)

उत्तर : पडतो. क्रीप म्हणजे उष्णतेत ताणाखाली धातूचं हळूहळू लांबत जाणं. त्याचं आयुष्य मोजायचं साधं सूत्र असं : केल्विनमधलं तापमान गुणिले (२० अधिक तासांचा दशमान लॉग) ही संख्या एका ताणासाठी स्थिर असते. ५४० अंश म्हणजे ८१३ केल्विन, आयुष्य १ लाख तास धरलं तर ८१३ गुणिले २५ म्हणजे २०,३२५. आता ८२३ केल्विनने भागा : २४.७०. त्यातून २० वजा केले की ४.७०, म्हणजे सुमारे ५० हजार तास. १० अंशांत आयुष्य निम्मं झालं. २० अंश वाढवलेत तर ते पाव उरतं. सूत्रातले २० हे मिश्रधातूनुसार बदलतात, ९ क्रोमला बहुधा ३० च्या आसपासचा आकडा जास्त जुळतो. मग घसरण याहून तीव्र निघते.

वाफेचं तापमान मीटरवर दिसतं, पण नळीच्या आत वाफेच्या बाजूला साचलेला ऑक्साइडचा थर उष्णता अडवतो आणि धातू वर्षागणिक जास्त तापत जातो, मीटरवर काही न दिसता. म्हणून दर मोठ्या शटडाउनला अल्ट्रासोनिकने (ध्वनिलहरींच्या तपासणीने) तो थर मोजा आणि धातूचं तापमान त्यावरून पुन्हा काढा.

९ क्रोमच्या नळ्यांची ताकद टेंपर्ड मार्टेन्साइट आणि त्यातल्या बारीक कार्बाइड-नायट्राइड कणांत असते. वर्षानुवर्षं तापल्यावर हे कण एकत्र येऊन जाड होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि डिस्लोकेशनना वाट मोकळी मिळते. पहिली तपासणी कडकपणाची. १९० ते २५० ब्रिनेल (कडकपणाचं माप) अपेक्षित, १९० च्या खाली दिसलं तर संशय घ्या. पृष्ठावरचा कार्बन गेलेला थर घासून काढल्याशिवाय मोजू नका, नाहीतर वाचन खोटं कमी येतं. दुसरी तपासणी रेप्लिकाची, म्हणजे पृष्ठाचा ठसा घेऊन पाहण्याची. जागा घासा, शेवटी १ मायक्रोमीटरच्या हिऱ्याच्या पेस्टने पॉलिश करा, व्हिलेलाच्या द्रावणाने (रचना उघडी करणाऱ्या आम्लाने) खोदा, अ‍ॅसिटोनने मऊ केलेली अ‍ॅसिटेट फिल्म दाबून बसवा आणि वाळल्यावर सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. सुट्या पोकळ्या, मग ताणाच्या आडव्या दिशेने रांगेत बसलेल्या पोकळ्या, मग सूक्ष्म तडे, मग मोठे तडे, अशा चढत्या क्रमाने नोंद करा. ९ क्रोममध्ये पोकळ्या उशिरा दिसतात, म्हणून रेप्लिका स्वच्छ आली तरी कडकपणा कमी असेल तर नळी ठीक आहे असं लिहून देऊ नका.

सगळ्यांत जास्त लक्ष वेल्डच्या शेजारच्या उष्णतेने बदललेल्या पट्ट्यावर द्या. त्याच्या बाहेरच्या कडेला धातूचे स्फटिक बारीक आणि धातू मऊ असतो, तिथला तडा भिंतीच्या आतून सुरू होतो आणि वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. डाय पेनिट्रंटवर थांबू नका, अल्ट्रासोनिक करा. दुरुस्तीच्या वेल्डनंतर ७५०-७७० अंशांची उष्णता देताना थर्मोकपल नळीला वेल्ड करून लावा आणि चारही बाजूंना लावा. नळीची एक बाजू ८०० च्या वर गेली तर तिथे पुन्हा ऑस्टेनाइट सुरू होतं आणि थंड झाल्यावर ती जागा एक तर कच्ची कडक नाहीतर मऊ राहते. अशी जागा पुन्हा उष्णता देऊन सुधारत नाही. तो तुकडा कापून नवा बसवा.